दाराबाहेरचे तास

जर्मनीत नाताळच्या आधीच्या चार रविवारांना मोठा मान असतो. त्या चार आठवड्यांत गावोगावच्या चौकात लाकडी टपऱ्या उभ्या राहतात, भाजलेल्या बदामांचा वास सुटतो, दालचिनी-लवंग घातलेली गरम वाइन चिनी मातीच्या मगात मिळते. त्या मगाची अनामत भरावी लागते आणि मग परत केला की ती मिळते. ड्रेसडेनचा असा बाजार १४३४ पासून भरतो. न्यूरेंबर्गचा बाजार पहिल्या रविवारच्या आदल्या शुक्रवारी उघडतो. बर्लिनमध्ये डिसेंबरच्या मध्याला दुपारचे चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो. एवढ्याशा दिवसाच्या प्रदेशात दिव्यांचं कौतुक का, हे वेगळं सांगायला नको. या गर्दीत दरवर्षी काही परदेशी मुलीही हिंडत असतात. त्यांना ओ-पेअर म्हणतात. एखाद्या कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, हलकंसं घरकाम करायचं, भाषा शिकायची आणि महिन्याला हातखर्ची घ्यायची, असा तो व्यवहार. घरी पाठवलेल्या फोटोत मफलर, मग आणि मागे दिव्यांची माळ असते. ती संध्याकाळ तिला मिळाली कशी, हे मात्र फोटोत दिसत नाही. जर्मनीच्या नियमाप्रमाणे तिच्याकडून दिवसाला सहा आणि आठवड्याला तीस तासांहून जास्त काम घेता येत नाही. आठवड्यात दीड दिवस सुट्टी, चार संध्याकाळी मोकळ्या, महिन्यातून निदान एक रविवार तिचा. हातखर्ची २८० युरो, शिवाय भाषावर्गासाठी महिन्याला ७० युरो. बाजारातली ती संध्याकाळ या आकड्यांतून आलेली असते. माझं म्हणणं असं की, दुसऱ्याच्या छपराखाली राहून काम करणाऱ्या माणसाचा मोकळा वेळ खरोखर मोकळा राहायचा तर तास आधी ठरलेले हवेत, त्या तासांत दाराबाहेर पडायची मुभा हवी आणि बाहेर पडल्यावर गाडीभाड्याला पुरतील एवढे पैसे हवेत. यातलं एक जरी गळालं तरी उरतो तो नुसता घरमालकाचा लहरीपणा, मग तो माणूस कितीही भला असो.

रावेरच्या वाचकाला हा विषय सातासमुद्रापारचा वाटेल. केळीचा तालुका आमचा. दिवाळी सरत नाही तोच छठपूजेसाठी उत्तरेत माल पाठवायची घाई. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि तेव्हापासून जर्मन शिकण्याची गोष्ट पुण्या-मुंबईपुरती राहिली नाही. ओ-पेअरचा व्हिसा या करारापेक्षा वेगळा. तरी ए-१ ही भाषेची पहिली पायरी चढलेल्या आणि सत्तावीस वर्षांच्या आतल्या मुलीला तो मिळू शकतो. शिवाय दुसऱ्यांची मुलं सांभाळण्यासाठी परदेशी जाणाऱ्या बाया रावेरच्या रुळांवरून पूर्वीही गेलेल्या आहेत. १८७० मध्ये मुंबई आणि कोलकाता रेल्वेनं जोडली गेली ती भुसावळ, खंडवा, इटारसी, जबलपूर या वाटेनं, आणि रावेर याच वाटेवर आहे. उत्तरेतले आणि मध्य प्रांतातले गोरे अधिकारी रजेवर विलायतेला निघाले की बायका-मुलांसह याच मार्गानं मुंबई बंदर गाठत. त्यांच्या डब्यात किंवा शेजारच्या डब्यात मुलांची आया असे. बोटीवरचे तीन-चार आठवडे मेमसाहेबांना बोट लागली तरी मुलांना कोणीतरी धरायला हवंच. त्या कामासाठी ती लंडनपर्यंत जाई.

लंडनला पोचल्यावर तिचं काम संपे, आणि गोष्ट खरी तिथून सुरू होते. ज्या घरानं आणलं त्याला आता तिची गरज नसे. चांगली घरं परतीचं तिकीट आणि राहण्याची सोय करून देत. त्यासाठी लंडनमध्ये ‘आयाज होम’ नावाची वसतिगृहासारखी जागा होती. आधी ऑल्डगेट भागात, १९०० पासून हॅकनीत किंग एडवर्ड्‌स रोडवर २६ नंबरच्या घरात. ती चालवणारी संस्था लंडन सिटी मिशन, म्हणजे धर्मप्रचार करणारी. वर्षाला शंभराच्या वर बाया तिथं राहून जात. व्यवस्था मोठी हिशेबी होती: आणणाऱ्या कुटुंबानं दिलेलं परतीचं तिकीट वसतिगृहाच्या बाईंकडे जमा व्हायचं, त्या हिंदुस्थानात निघालेलं दुसरं कुटुंब शोधून ते तिकीट त्यांना द्यायच्या, त्या पैशांतून आयेच्या राहण्याजेवणाचा खर्च निघायचा, आणि आया नव्या घराची मुलं सांभाळत परत यायची. अँथनी परेरा नावाच्या एका बाईंनी अशा चोपन्न फेऱ्या केल्याची नोंद आहे. इतक्या फेऱ्या करणारी बाई बिचारी म्हणवणार नाही. तिला बोटी, बंदरं आणि साहेबांचे स्वभाव पक्के माहीत असणार. पण दोन बोटींच्या मधल्या काळात लंडन पाहायला ती किती मोकळी होती? तिचे तास कोणाच्याच मालकीचे नव्हते, एवढंच खरं. पुढचं गिऱ्हाईक कधी येईल ते ठाऊक नाही, तिकीट दुसऱ्याच्या कपाटात. हंगामही साहेबांच्या सोयीचा: उन्हाळा टाळायला कुटुंबं वसंतात विलायतेला यायची आणि शरदात हिंदुस्थानकडे निघायची. म्हणजे नाताळात जी आया हॅकनीत उरली असेल तिच्या वाट्याला आलेली सुट्टी ही बहुधा गाडी चुकलेल्याची सुट्टी. १९०८ मध्ये एका आयेला तिच्या मालकांनी किंग्ज क्रॉस स्टेशनवर हातात एक पौंड ठेवून सोडून दिलं. तिच्यापुढे सगळं लंडन मोकळं होतं आणि वेळही अमर्याद होता. नव्हती ती परत जायची सोय. जून २०२२ मध्ये इंग्लिश हेरिटेजनं हॅकनीतल्या त्या घरावर निळी स्मृतिपाटी लावली, तीही काही वर्षांच्या पाठपुराव्यानंतर.

आजच्या ओ-पेअर मुलीची तुलना आयेशी करणं अनेकांना रुचणार नाही. मुलगी शिकलेली, आपल्या हौसेनं गेलेली, वर्षभरानं परत येणारी; तिला मोलकरणीच्या आणि आयेच्या रांगेत का बसवायचं? आक्षेप बिनबुडाचा नाही. तिचा दर्जा वेगळा आहे, पासपोर्ट तिच्याच पर्समध्ये आहे, वाद झाला तर दुसरं कुटुंब शोधायची सोय आहे. पण कामाची जागा आणि झोपायची जागा एकच असली की दर्जानं फारसा फरक पडत नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊला ती चहा करायला स्वयंपाकघरात आली आणि तीन वर्षांचं पोर पायाला बिलगलं, तर ती त्याला काय सांगणार, आज माझा रविवार आहे? ती त्याला उचलून घेते, त्याची आई ‘पाचच मिनिटं हं’ म्हणून आंघोळीला जाते, आणि पाच मिनिटांचा तास होतो. यात कोणी दुष्ट नाही. म्हणूनच १९६९ मध्ये स्ट्रासबुर्गला युरोप परिषदेनं ओ-पेअरबाबतचा करार केला, तेव्हा पाहुणी आणि नोकर यांच्या मधल्या या मुलीसाठी साधारण पाच तासांची मर्यादा, आठवड्याला एक पूर्ण सुट्टी आणि भाषावर्गाला पुरेसा वेळ या गोष्टी लिहून ठेवाव्या लागल्या. जर्मनीनं त्या करारावर सही केली पण तो अंतिमतः स्वीकारला नाही. स्वतःचे नियम मात्र केले. घरच्यासारखंच वागवणाऱ्यांना लेखी तासांची अडचण वाटायचं कारण नाही. अडचण वाटते ती बहुधा घरच्या मुलीइतकं काम आणि नोकराइतकी आज्ञा, दोन्ही हवं असलेल्यांना.

आपल्याकडे लेखी नसलं तरी ठरलेलं असायचं, आणि त्याचं उत्तम उदाहरण खानदेशातच आहे. अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची आखाजी. सासुरवाशिणीला न्यायला भाऊ मुऱ्हाळी म्हणून येतो, ती माहेरी जाते, झाडाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, आंबरस-पुरणपोळी होते, आणि काही दिवस तिला कोणी ‘अगं ऊठ’ म्हणत नाही. आखाजीला सुनेला धाडलं नाही तर गाव सासरला नावं ठेवी. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी या सणावर कविता केली ती उगाच नाही. शेतात आणि घरात राबणाऱ्या बाईच्या वर्षातली तेवढीच हक्काची मोकळीक होती. वर मी ज्या तीन अटी म्हटल्या त्या इथं पुऱ्या होतात: तारीख पंचांगानं ठरवलेली, जागा सासरच्या दाराबाहेरची, आणि खर्च माहेरचा. रूढीनं हे काम कायद्यापेक्षा चोख केलं, हे मान्य करायला हवं. पण रूढीच्या भोकांतून किती बाया गळाल्या तेही पाहावं. जिचं माहेर तुटलं, जिचे आईबाप गेले, जिच्या भावाला बैलगाडी जुंपणं परवडलं नाही, तिची आखाजी सासरच्या चुलीशीच. त्याच दिवसाची दुसरी बाजू सालदाराची. खानदेशात सालदाराचं साल आखाजीला भरतं आणि नवं ठरतं. रोख किती, धान्य किती, उचल किती, यावर घासाघीस होते; पण आठवड्यात कधी घरी जायचं, हा मुद्दा त्या बोलण्यात क्वचितच निघतो. बैलांना पहाटे वैरण, रात्री पाणी. गोठ्याजवळ झोपणाऱ्या माणसाचा दिवस संपतो कधी? आखाजीला दिवसभर पत्ते कुटत बसलेल्या गड्यांना पांढरपेशे लोक नाकं मुरडतात. वर्षातून हक्काचा एकच दिवस मिळत असेल तर तो माणूस पुस्तक वाचून काढेल, ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

साप्ताहिक सुट्टीचा आपला इतिहास गिरण्यांत घडला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं आणि त्यात रविवारची सुट्टी मागितली. सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवार मान्य केला. एवढी माणसं एका मैदानात आणता आली, कारण ती एकाच फाटकातून आत जात आणि एकाच भोंग्याला बाहेर पडत. घरकाम करणारी बाई मात्र ज्या त्या घरात एकटी. तिला ना भोंगा, ना फाटक. त्यातूनही जिची खोली बाहेर आहे, जी चार घरची कामं करून संध्याकाळी आपल्या वस्तीत परतते, ती निदान पाण्याच्या नळावर दुसरीला भेटते. पुण्यातल्या मोलकरणी १९८० मध्ये संपावर गेल्या आणि पगारी रजा मागू शकल्या, त्या अशा वस्तीत राहणाऱ्या होत्या. घरातच राहणाऱ्या बाईचा संप माझ्या ऐकिवात नाही.

नाताळचा मुद्दा यासाठी महत्त्वाचा की घराचा सण हा घर चालवणाऱ्याच्या कामाचा हंगाम असतो. जर्मन घरात डिसेंबर लागला की मुलांची रोज एक खिडकी उघडायची दिनदर्शिका, ५ तारखेच्या रात्री संत निकोलाससाठी दाराशी पुसून ठेवलेले बूट, बिस्किटं भाजण्याचे पसारे, शाळेची नाटुकली. मग शाळा आणि बालवाड्या बंद. आईवडील अजून कामावर. तीस तासांचा आठवडा फुगायला लागतो तो इथं. बाजार पाहायचे चार आठवडे आणि घरात हात हवे असण्याचे चार आठवडे एकच. आपली दिवाळी वेगळी नाही. वसुबारसेच्या आधी माळे झाडणं, डबे घासणं, चकलीचा सोऱ्या फिरवणं. मालकिणीच्या फराळाचं ताट सजतं तेव्हा कामवालीच्या घरचा फराळ पाडव्यापर्यंत लांबलेला असतो. बोनस देतो ना, असं यावर उत्तर येतं. द्यावाच. पण त्या चार दिवसांतले तिचे तास कुठे गेले, हे बोनसनं विचारायचं राहूनच जातं.

आता पैशाचं. २८० युरो ऐकायला बरे वाटतात; रुपयांत केले तर रावेरच्या बापाला भरघोसही वाटतील. महिन्याच्या तीस दिवसांत वाटले तर दिवसाला साडेनऊ युरोंच्याही आत. बाजारातला वाइनचा एक मग चार-पाच युरोंचा, म्हणजे अर्ध्या दिवसाची हातखर्ची. जर्मनीभर साध्या गाड्यांना आणि बसना चालणारं मासिक तिकीट २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोंना सुरू झालं, २०२५ मध्ये ते ५८ युरोंना होतं. म्हणजे हातखर्चीचा पाचवा हिस्सा तेव्हाच तिथं जाई. काही यजमान हे तिकीट काढून देतात, काही देत नाहीत. शहराच्या टोकाला, जिथं तासाला एक बस येते, अशा घरी राहणाऱ्या मुलीला तिकिटाविना दीड दिवसाची सुट्टी म्हणजे आपल्या खोलीत दीड दिवस. तिथला रविवार राज्यघटनेनंच विश्रांतीचा म्हणून राखलेला, त्यामुळे दुकानं बंद. वर्षातले जे थोडे रविवार चौक गजबजलेला असतो ते हे नाताळाआधीचे. तेव्हा गाडीभाडं कोण देणार हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही. मुलगी पाठवताना आईबाप घर केवढं, माणसं कशी, जेवण शाकाहारी मिळेल का, हे सगळं विचारतात. स्टेशन किती लांब हे फारसं कोणी विचारत नाही.

यावर सर्वात वजनदार आक्षेप असा की कागदावरचे तास पाळतं कोण? सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या नावाखाली स्वस्त मोलकरीण मिळवण्याचा हा रस्ता आहे, अशी टीका युरोपातच होते. नॉर्वेनं मार्च २०२४ मध्ये ओ-पेअरची योजनाच बंद केली, ती याच कारणानं. अमेरिकेत तर नियमच आठवड्याला ४५ तासांना परवानगी देतो. तिथल्या मुलींनी त्यांना पाठवणाऱ्या संस्थांवर कमी मोबदल्याबद्दल खटला भरला आणि २०१९ मध्ये साडेसहा कोटी डॉलरच्या वर तडजोड झाली. म्हणजे नियम मोडले जातात, आणि काही ठिकाणी नियमच मुळात सैल आहेत. पण या दोन्ही गोष्टी उघड झाल्या कशा? आकडा होता म्हणून. ४५ तास लिहिलेले होते म्हणून पन्नास भरल्याची तक्रार करता आली. आखाजीच्या रूढीनं गळालेल्या सुनेला किंवा किंग्ज क्रॉसवर उभ्या आयेला बोट ठेवायला ओळच नव्हती. नॉर्वेचा निर्णय मात्र मला पुरता पटत नाही. योजना बंद झाली म्हणून मुलं सांभाळायची गरज बंद झाली नाही. ती आता दुसऱ्या कोणत्या तरी दारानं भागवली जाईल, आणि त्या दारावर तासांची पाटी असेलच असं नाही.

पाटीचं म्हणाल तर आपल्या दारावरही नाही. महाराष्ट्रानं २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. देशात असं पाऊल उचलणाऱ्या मोजक्या राज्यांत आपण होतो. त्यात नोंदणी आहे, मंडळ आहे, मदतीच्या योजना आहेत. कामाचे तास आणि आठवड्याची सुट्टी नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं जून २०११ मध्ये १८९ क्रमांकाचा करार केला, त्यात आठवड्याला सलग चोवीस तास विश्रांती सांगितली, आणि त्याहून मोलाची एक गोष्ट सांगितली: विश्रांतीच्या काळात कामगाराला त्या घरात थांबण्याची सक्ती करता येणार नाही. भारतानं या कराराच्या बाजूनं मत दिलं, पण तो अजून स्वीकारलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घरकामगारांसाठी कायद्याची चौकट तपासायला समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले.

थांबण्याची सक्ती नको, या वाक्याला आपल्याकडे हमखास विरोध होतो तो काळजीच्या भाषेत. परक्या शहरात पोरीनं एकटीनं हिंडायचं? रात्र लवकर पडते, भाषा अर्धवट येते, काही झालं तर जबाबदार कोण? मुंबईत झारखंडहून आणलेल्या मुलीला फ्लॅटबाहेर न सोडणारी मालकीण अगदी हेच बोलते, आणि म्युनिकची यजमानीणही कधी कधी. काळजी खोटी असते असं नाही. पण शहर अनोळखी राहतं ते बाहेर न पडल्यानं. हाँगकाँगमध्ये परदेशी घरकामगारांना मालकाच्याच घरी राहावं लागतं, तशी २००३ पासून सक्ती आहे, पण आठवड्याची सुट्टी कायद्यानं मिळते. रविवारी तिथल्या सेंट्रल भागात, बँकांच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी, हजारो फिलिपिनो आणि इंडोनेशियन बाया पुठ्ठे अंथरून बसतात. डबे उघडतात, एकमेकींचे केस कापतात, नाचाचा सराव करतात, पैसे पाठवतात. कोणाचा पगार अडला, कोणाची एजन्सी लबाड आहे, हे तिथं कळतं. परक्या शहरात त्यांचं रक्षण त्या गर्दीनं होतं, आणि ती गर्दी जमते कारण सगळ्यांची सुट्टी एकाच वारी येते. जर्मनीत एकटीदुकटी विखुरलेल्या ओ-पेअर मुलींना तसा पुठ्ठ्यांचा चौक नाही. त्यांना भाषावर्ग आहे. मैत्रिणी तिथं मिळतात, नाताळच्या बाजारात जोडीनं जायचं तिथंच ठरतं. वर्गाचा वार आणि सुट्टीचा वार यजमानांनी ऐनवेळी हलवायचा नाही, एवढं करारात घालून घेतलं तरी रावेरहून निघणाऱ्या मुलीच्या सुरक्षिततेचं निम्मं काम होईल, आणि व्हिसाच्या अर्जाबरोबर सहीचा करार जोडावाच लागत असल्यानं ते घालून घ्यायची वेळ तिकीट काढण्याच्या आधीची आहे.